दुसरा व्हॅक्यूम क्लीनर: कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका घराचं प्रकरण

अक्काच्या घरातला पहिला व्हॅक्यूम क्लीनर तीन वर्षं आणि दोन महिने चालला. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात माडीवरच्या गाद्या साफ करायला काढला होता. चालता चालता त्याचा आवाज एकदम बारीक झाला, जळका वास आला आणि तो थांबला. दाजींनी त्याच संध्याकाळी मोबाईलवर नवीन मॉडेलं बघायला सुरुवात केली. रात्री अक्काचा फोन आला, "आठ हजारांत टिकाऊ कुठला येतो ते सांग की. परत तीन वर्षांनी ह्योच खर्च नको."

मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. आमच्याकडे मशीन बंद पडलं की ते का बंद पडलं हे आधी लिहावं लागतं. कारण लिहिल्याशिवाय खरेदीचा कागद पुढं सरकत नाही. घरात मात्र आपण थेट दुकान गाठतो आणि जे कारण जुन्या वस्तूला लागू होतं, तेच नव्या वस्तूच्या खोक्याबरोबर परत घरी आणतो. म्हणून अक्काला म्हटलं, नवीन नंतर बघू, आधी जुना उघडू. तिला ते फारसं आवडलं नाही. दिवाळी तोंडावर होती. पण तिनं चार दिवस दिले.

घराची माहिती थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच झाले. मंगळवार पेठेतलं जुनं घर. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, शहाबादी फरशीवर आता टाइल्स बसवलेल्या. वर लाकडी माडी, तिथं झोपायच्या दोन खोल्या. माडीला जाणारा जिना लाकडी, अरुंद, उभा. प्रत्येक दाराला उंबरा. माणसं पाच: अक्का, दाजी, दोन मुलं आणि अक्काच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच आई म्हणतो. आईंना दम्याचा त्रास आहे आणि धुळीनं तो वाढतो. झाडलोट, फरशी पुसणं हे कामाला येणाऱ्या मावशी करतात. कापसाच्या गाद्या चार, त्यातल्या दोन अक्काच्या लग्नाच्या आधीच्या.

उद्यमनगरातल्या टेबलावर

शिवाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगची दुकानं ओळीनं आहेत. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री मिक्सर, हँड ड्रिल, ग्राइंडर दुरुस्त करतात. व्हॅक्यूम क्लीनर घेऊन त्यांच्याकडं गेलो याचं अक्काला नवल वाटलं. पण वायरवर चालणाऱ्या साध्या व्हॅक्यूमची मोटार आणि मिक्सरची मोटार एकाच घराण्यातल्या: युनिव्हर्सल मोटार. मधे फिरणारं आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी घासणारे कार्बन. व्हॅक्यूममध्ये ही मोटार मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे मारते आणि पंख्यानं हवा ओढते. ज्याला मिक्सरची मोटार कळते त्याला व्हॅक्यूमची कळते.

मिस्त्रींनी पाच मिनिटांत स्क्रू काढले. आधी कार्बन बघितले. निम्म्याहून जास्त शिल्लक होते. मग आर्मेचर बाहेर काढलं. वाइंडिंगवरचं, म्हणजे त्यावर गुंडाळलेल्या तारेवरचं, वार्निश काळं पडलेलं, दोन ठिकाणी तार उघडी. मग त्यांनी फिल्टर हातात घेऊन टेबलावर आपटला आणि टेबलावर पांढऱ्या पिठाची रास पडली. बोटानं चोळून म्हणाले, "ही घरातली धूळ न्हाई. पुट्टी हाय. रंगकाम काढलं हुतं काय?"

काढलं होतं. मे महिन्यात भिंतींना पुट्टी लावून घासली होती आणि माझ्या भाच्यानं मोठ्या उत्साहानं ती सगळी धूळ व्हॅक्यूमनं ओढली होती. त्यानंतर मशीन अधूनमधून आपोआप बंद पडायचं आणि अर्ध्या तासानं परत सुरू व्हायचं. घरात सगळ्यांचा समज, लाईटचा काहीतरी घोळ असणार. ती होती मोटार तापल्यावर वीज तोडणारी सुरक्षेची कळ. ती पाच महिने सांगत होती.

"ताई, ह्ये झिजून न्हाई गेलेलं," मिस्त्री अक्काला म्हणाले, "गुदमरून गेलंय."

या एका वाक्यावर पुढची सगळी खरेदी उभी राहिली, म्हणून ते नीट समजावून सांगतो. घरगुती कोरड्या व्हॅक्यूममध्ये बहुतेक वेळा ओढलेली हवाच फिल्टरमधून पुढं येऊन मोटारीवरून जाते आणि तिला गार ठेवते. फिल्टर बंद झाला की हवा येत नाही. मोटारीवरचा भार उलट कमी होतो, कारण ढकलायला हवाच नसते, म्हणून ती आणखी जोरात फिरते आणि आवाज बारीक, किंचाळल्यासारखा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं मशीन जोरात चाललंय. आत ती भाजत असते. पुट्टी, सिमेंट, राख, रांगोळीतली बारीक पूड, चुलीची काजळी या गोष्टी फिल्टरची छिद्रं इतकी बेमालूम बुजवतात की वरून फिल्टर नुसता मळकट दिसतो.

माझा हिशेब असा होता. आठवड्याला साधारण तासभर वापर धरला तर तीन वर्षांत दीडशे-पावणेदोनशे तास होतात. युरोपीय संघानं २०१३ साली केलेल्या नियमांत १ सप्टेंबर २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूमच्या मोटारीनं किमान ५०० तास चाललंच पाहिजे अशी अट घातली, आणि होज म्हणजे ती वाकणारी नळी ४०,००० वेळा हलवूनही वापरण्याजोगी राहिली पाहिजे, अशीही. आपल्याकडच्या प्रत्येक मशीनला तो नियम लागू नाही, पण साध्या मोटारीकडून काय अपेक्षा ठेवता येते याचा अंदाज त्यावरून येतो. अक्काचं मशीन त्या अपेक्षेच्या एक तृतीयांशावर गेलं. म्हणजे "मोटार हलकी होती" हे कारण पुरेसं नाही. आणखी भारी मोटारीचं मशीन घेतलं असतं तर पुट्टीनं तेही मारलं असतं.

दुरुस्तीचा विचार आधी केला. आर्मेचर सुटं मिळत नव्हतं, पूर्ण मोटार २,६०० रुपयांना, तीही मागवून. होजला चीर पडलेली, ती ९०० ला. मूळ मशीन ६,२०० चं. इतके पैसे घालून मिळणार काय, तर परत तसाच गुदमरणारा फिल्टर. ते सोडून दिलं. मिस्त्रींनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

केरसुणीला जे जमत नाही

दुसऱ्या दिवशी आम्ही अक्काच्या स्वयंपाकघरात बसलो आणि मी एकच प्रश्न विचारला: या घरात व्हॅक्यूमनं नेमकं काय करायचंय? दाजी म्हणाले, घर झाडायला. मावशी भांडी घासत होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "झाडायला मी हाय की."

त्यांचं बरोबर होतं. टाइल्सच्या फरशीवर झाडू आणि त्यानंतर ओलं फडकं हे काम स्वस्तात आणि चांगलं होतं. कोरडा झाडू जोरात मारला तर बारीक धूळ हवेत उडते आणि आईंना ती बाधते हे खरं, पण आधी ओल्या फडक्याचा एक हात आणि मग झाडणं, एवढ्यानंही ती पुष्कळ दबते. गालिचे या घरात नाहीत. म्हणजे फरशीसाठी मशीन घ्यायचं कारणच नव्हतं. आम्ही जी यादी केली ती अशी निघाली: गाद्या आणि उशा, सोफा, जाड पडदे, खिडक्यांच्या सरकत्या पट्ट्यांतली माती, माडीच्या तख्तपोशीतून म्हणजे लाकडी फळ्यांच्या छतातून पडणारी पूड, पंखे, आणि उसाचा पाला पेटवायच्या दिवसांत गच्चीवर अन् खिडक्यांत येऊन पडणाऱ्या काळ्या पाकळ्या. झाडूनं ती पाकळी उचलायला जावं तर तिची काजळी होते आणि डाग पडतो.

यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गाद्या. गादीत धुळीतले किडे असतात, मिलिमीटरच्या पाव-एक भागाएवढे, डोळ्यांना न दिसणारे. माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या कातडीवर ते जगतात, आणि पाणी पीत नाहीत, हवेतलाच ओलावा शोषून घेतात. म्हणून दमट हवा त्यांना मानवते. हवेतली आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर ते तग धरत नाहीत. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर गादीला ऊन दाखवायचं म्हटलं तर ऊनच नसतं. दम्याच्या माणसाला त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या कणांनी. व्हॅक्यूम हे कण आणि वरवरची धूळ काढतो. गादीच्या आत घट्ट धरून बसलेले जिवंत किडे सगळे निघत नाहीत, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्यासाठी चादरी-अभ्रे ५५ ते ६० अंश गरम पाण्यात धुणं आणि गादीला घट्ट विणीची बंद खोळ घालणं याला पर्याय नाही. ही गोष्ट आईंच्या डॉक्टरांनी अक्काला आधीच सांगितलेली होती. खोळी मात्र घ्यायच्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, आठ हजारांतले दीड हजार आधी त्याला काढू. अक्का तयार झाली, पण म्हणाली, मग बजेट साडेनऊ कर. केलं.

दुकानांतली एक दुपार

शाहूपुरी आणि राजारामपुरीतली चार दुकानं आम्ही फिरलो. सगळीकडं पहिला शब्द वॅट. "हा १,६०० चा आहे, तो १,२०० चा, तुम्ही मोठाच घ्या." वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं, एवढंच. ते किती ओढतं हे पंख्याची घडण, नळीचे सांधे आणि फिल्टर किती मोकळा आहे यावर ठरतं. त्याच युरोपीय नियमांनी २०१४ पासून १,६०० आणि २०१७ पासून ९०० वॅटच्या वर जायला बंदी घातली, आणि तिथली घरं काही त्यामुळं धुळीत बुडाली नाहीत. ओढ मोजायची असेल तर दोन आकडे लागतात: दाब, जो खोक्यावर किलोपास्कलमध्ये लिहितात, आणि मिनिटाला किंवा सेकंदाला किती लिटर हवा जाते तो प्रवाह. नुसता दाबाचा मोठा आकडा छापलेला असला तर तो नळीचं तोंड पूर्ण बंद करून घेतलेला असतो, आणि तोंड बंद असताना हवा वाहतच नाही. दोन्ही आकडे दिलेलं खोकं चार दुकानांत एक निघालं.

वॅटचा दुसरा मुद्दा जुन्या घरांचा आहे. २३० व्होल्टवर १,६०० वॅटचं मशीन साधारण ७ अँपिअर घेतं. अक्काच्या माडीवरचे प्लग ६ अँपिअरचे, वायरिंगही जुनं. १,००० वॅटचं मशीन सव्वाचारच्या आसपास घेतं. फक्त या एका कारणानं आम्ही १,३०० च्या वरची सगळी मॉडेलं बाजूला केली.

दाजींचं मन बिनवायरच्या उभ्या मशीनवर होतं. हलकं, दिसायला सुरेख, भिंतीला टांगता येतं. मी त्याच्या विरोधात नाही. पण चांगल्यातलं २१,००० ला, आणि पूर्ण ताकदीवर ठेवलं की बॅटरी काही मिनिटांतच उतरते. गादी साफ करायला पूर्ण ताकदच लागते. लिथियम बॅटरी वापरा किंवा नका वापरू, काही वर्षांत तिची साठवण उतरतेच. दुकानदारानं नवीन बॅटरीचा भाव ६,००० सांगितला. दाजी गप्प झाले. स्वतः फिरणाऱ्या रोबोची गोष्ट उंबऱ्यांपाशी संपली, आणि तो गादीवर तर चढणारच नव्हता.

राहिले दोन. एक आडवा, चाकांचा, पिशवी नसलेला, पारदर्शक डब्याचा. त्यात हवा गरगर फिरून धूळ खाली बसते. दिसायला छान, पण तो डबा रिकामा करताना धुळीचा लोट तोंडावर येतो. दम्याच्या घरात हे काम कोण करणार, हा प्रश्न अक्कानं विचारला, मी नाही. दुसरा ड्रमचा, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा. हा प्रकार गॅरेजमध्ये, गाड्या धुणाऱ्यांकडं दिसतो. त्याला दिसणं नाही, आवाज मोठा. पण त्यातल्या मोटारीला गार ठेवणारी हवा वेगळ्या वाटेनं येते, कारण ओढलेल्या हवेत पाणी असू शकतं आणि ती मोटारीवरून नेणं शक्यच नसतं. म्हणजे फिल्टर तुंबला तरी मोटारीचा श्वास लगेच कोंडत नाही. उद्यमनगरातल्या टेबलावर जे कळलं होतं, त्याचं उत्तर इथं होतं. शिवाय त्या मोटारी आकारानं बऱ्याचशा सारख्या असतात. मिस्त्रींना फोनवर विचारलं तर म्हणाले, "ड्रमचा आणा, त्येची मोटार उद्या बी बसवून देतो."

ड्रमच्या साध्या मशीनला मात्र नुसती कापडी टोपी असते, आणि बारीक धूळ तिच्यातून पार होऊन मागच्या झरोक्यातून खोलीत परत येते. ही शंका मला होती. अक्काच्या शेजाऱ्यांकडं तसं मशीन होतं. रात्री त्यांची खोली बंद करून दिवा मालवला, फरशीवर चिमूटभर टाल्कम पावडर टाकली, मशीन सुरू केलं आणि मागच्या झरोक्यावर टॉर्चचा झोत धरला. झोतात पांढरा धूर स्पष्ट तरंगताना दिसला. आई दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, असा माणूस पूर्वी घरी यायचा, टाय घालून, आणि गादीतली घाण काढून पांढऱ्या कापडावर दाखवायचा. तो युरेका फोर्ब्जचा काळ. १९८२ मध्ये सुरू झालेल्या त्या कंपनीनं व्हॅक्यूम क्लीनर दुकानात नाही, दारोदार जाऊन, घरातल्याच धुळीवर चालवून विकला. ती पद्धत मला अजून पटते. मशीन आपल्या घरातल्या घाणीवर चालवून बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल काही कळत नाही.

शोधता शोधता ड्रमचंच एक मशीन सापडलं, १,००० वॅटचं, ज्यात फ्लीसची म्हणजे न विणलेल्या कृत्रिम कापडाची फेकायची पिशवी आणि तिच्यामागं कागदाच्या घड्यांचा कार्ट्रिज असे दोन थर होते. दुकानदारानं टॉर्चचा प्रयोग त्याच्या गोदामात करू दिला. धूर नव्हता म्हणण्याइतका कमी होता. हा हेपा फिल्टर नव्हे. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवणारा, आणि "हेपासारखा" असं खोक्यावर लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नसतो. पण गादीतले जे कण आईंना बाधतात ते साधारण १० ते ४० मायक्रॉनचे, म्हणजे कितीतरी मोठे. ते फ्लीसमध्येच अडकतात. आणि पिशवी पूर्ण बंद करून फेकता येते, धुळीला हात लागत नाही. माझ्या मते या घरासाठी पिशवीचं मोल हेपाच्या शिक्क्यापेक्षा जास्त होतं.

मावशी

पहिल्या वेळी मशीन कुठलं घ्यायचं हे दाजींनी ठरवलं होतं, आणि वापरायचं मावशींनी. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या ते क्वचितच काढायच्या, आणि काढलं तरी फिल्टर धुवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंही नव्हतं. या वेळी अक्का त्यांना रिक्षात घालून दुकानात घेऊन आली. मावशींनी नळी वाकवून बघितली, दांडा हातात घेतला, ड्रम उचलला. सहा किलोच्या आत होता. मग म्हणाल्या, "चाकं चांगली हाईत. पण ह्ये घिऊन जिना मी चढणार न्हाई. माझं गुडघं ऱ्हाईलेत व्हय आता?"

आम्ही सगळे एकमेकांकडं बघत राहिलो. उत्तर अक्कानंच दिलं: मशीन वरच ठेवायचं. गाद्या वर, पडदे वर, तख्तपोशी वर. खालच्या सोफ्यासाठी पंधरवड्यातून एकदा दाजी किंवा भाचा ते उतरवतील. खाली झाडू आणि ओलं फडकं. इतक्या साध्या गोष्टीनं एक मोठा प्रश्न सुटला. मी पाहिलेल्या घरांतली निम्मी मशीनं अशीच पडून आहेत, अडचणीच्या जागी ठेवल्यामुळं काढलीच जात नाहीत. त्यांच्या टिकाऊपणाला काय अर्थ?

घेण्याआधी एक काम राहिलं होतं. चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेवा केंद्रांना मी ग्राहक म्हणून फोन केला आणि तीनच वस्तूंच्या किमती विचारल्या: पिशवी, फिल्टर, होज. दोघांना सांगता आलं नाही. एकानं पुण्याहून मागवावं लागेल, दहा-बारा दिवस लागतील असं सांगितलं. चौथ्यानं तिन्हीच्या किमती फोनवरच सांगितल्या आणि पिशव्या दुकानातच असतात म्हणाला. आम्ही ज्याच्याकडं वळलो होतो तो हाच निघाला हे आमचं नशीब, पण तो नसता तर मी निवड बदलली असती. ऑनलाइन तेच मशीन ६०० रुपयांनी स्वस्त होतं. अक्कानं दुकानातून घेतलं, कारण पिशव्या तिथंच मिळणार होत्या. पक्कं बिल, बिलावर मशीनचा क्रमांक, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख, हे दुकानातच उभं राहून करून घेतलं. जुन्याचं बिल कुठं गेलं ते कुणालाच माहीत नव्हतं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टल सुरू केलंय, त्यावर बऱ्याच कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती असते. तक्रार करायची वेळ आली तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. दोन्ही अक्काच्या डायरीत लिहून ठेवले.

मशीन ७,४०० ला पडलं. त्याच दिवशी जादा कार्ट्रिज घेतला, ९०० चा. दाजींना हा खर्च पटला नव्हता. मी आग्रह धरला, कारण धुतलेला कार्ट्रिज पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नसतो. ओल्या कागदावर धूळ चिखलासारखी बसते, वास मारते, बुरशी धरते. आणि आपल्याकडं जुलैत रुमालसुद्धा दोन दिवस वाळत नाही.

हिशेब आणि आजची स्थिती

वर्षाचा खर्च आम्ही असा मांडला. जुनं मशीन ६,२०० चं, जेमतेम तीन वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण दोन हजार. बिनवायरचं २१,००० आणि मधे एकदा बॅटरी ६,०००, सात वर्षं धरली तर वर्षाला ३,८५०. हे ड्रमचं ७,४००, कार्ट्रिज ९००, आणि वर्षाला तीन पिशव्या १८० च्या भावानं, म्हणजे सात वर्षांत ३,७८०. एकूण १२,०८०, वर्षाला सव्वासतराशे. सात वर्षं हा धरलेला आकडा आहे: आठवड्याला दोनदा चाळीस-चाळीस मिनिटं वापर, म्हणजे वर्षाला ६९ तास, आणि ५०० तासांची मोटार. त्या ६९ तासांची वीज वर्षाला ६९ युनिट.

आज चौदा महिने झाले. पहिल्या पावसाळ्यात दोन्ही कार्ट्रिज आलटून पालटून वापरले गेले, आणि दाजींनी स्वतःहून कबूल केलं की दुसरा नसता तर मशीन चार महिने बंद राहिलं असतं. एकदा पिशवी नीट न बसल्यानं फाटली आणि ड्रममध्ये सगळी धूळ सांडली. ती काढताना अक्का वैतागली, त्यानंतर पिशवी बसवायचं काम भाचीनं घेतलंय. जुलैतल्या एका रात्री माडीच्या कौलातून पाणी आलं, तेव्हा कार्ट्रिज काढून, ओल्यासाठीची फोमची टोपी चढवून अर्धी बादली पाणी त्यानंच ओढलं. आवाज मोठा आहे, त्यात काही सुधारणा नाही. दुपारी शेजारची मंडळी झोपलेली असताना मशीन लावत नाहीत.

आईंचा दम्याचा पंप पूर्वीपेक्षा कमी वेळा लागतो. हे व्हॅक्यूममुळं झालं असं मी लिहिणार नाही. त्याच महिन्यात खोळी आल्या, दोन जुन्या गाद्या काढून टाकल्या, चादरी दर रविवारी गरम पाण्यात जायला लागल्या, आणि मशीन चालू असताना आई खालच्या खोलीत बसतात, पुढचे तास-दोन तास वर येत नाहीत. यातलं कशानं किती झालं हे वेगळं काढता येणार नाही, आणि अक्कालाही ते वेगळं काढायची गरज वाटत नाही.

मिस्त्रींकडून कार्बनची एक जोडी आधीच आणून ठेवलीय. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून झाकणाच्या आत चिकटपट्टीनं लावलीय. झाकणावर भाच्यानं मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय: पुट्टी, सिमेंट, राख, रांगोळी ओढायची नाही. त्याखाली मावशींसाठी एक ओळ आहे, आवाज बारीक झाला की लगेच बंद करा. बाजूच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. मशीन लावलं की त्या तारखेवर मावशी मिनिटं टाकतात. गेल्या रविवारी मी बेरीज केली तर ८१ तास झाले होते.